चामुंडीच्या हजार पायऱ्या

डोंगर चढणे ही माणसाची जुनी हौस आहे की जुनी गरज आहे, हे सांगणे कठीण आहे. काश्मिरातील गुलमर्ग किंवा गढवालातील औली येथे हिवाळ्यात बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ चालतो. बर्फ वितळले की त्याच उतारांवर गवत उगवते, आणि मग पायी हिंडणारे, सायकली घेऊन येणारे, नुसताच मोकळा वारा खायला आलेले असे नाना तऱ्हेचे लोक तेथील वाटा धुंडाळू लागतात. युरोपात आल्प्स पर्वताच्या कुशीत हा क्रम चांगलाच रुळलेला आहे. हिवाळ्यात घसरावे आणि उन्हाळ्यात चालावे, असे तेथील डोंगरांचे जणू वेळापत्रकच ठरून गेले आहे.

दक्षिण भारतात बर्फ नाही, आणि म्हणून बर्फावरचे खेळही नाहीत. परंतु डोंगरवाटांचा इतिहास पाहू जाता दक्षिणेची बाजू मुळीच लंगडी नाही. मौजेखातर पर्वत चढण्याची कल्पना युरोपात रुजली, ती मुख्यतः अठराव्या शतकात. माँ ब्लांचे शिखर माणसाने प्रथम गाठले ते १७८६ साली. त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी म्हैसूरच्या एका राजाने एका डोंगरावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी पायऱ्यांची वाट बांधून ठेवली होती. ती वाट आजही आहे. तिच्यावरून आजही रोज माणसे वर जातात आणि खाली येतात. त्या डोंगराचे नाव चामुंडी.

म्हैसूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर वसले आहे. शहराच्या आग्नेयेला सपाट भूमीतून हा डोंगर एकाएकी वर उठतो आणि ३,४८९ फुटांपर्यंत जातो. म्हणजे चढ काय तो हजार फुटांचा. सह्याद्रीच्या कडेकपारीत वाढलेल्या माणसाला ही उंची मोठी वाटणार नाही. पण भोवती दूरवर दुसरा डोंगर नसल्यामुळे चामुंडीला एक निराळाच रुबाब प्राप्त झाला आहे. शहराच्या कोणत्याही भागातून मान वर केली की ती दिसते. दिशा विसरलेल्या वाटसरूला तीच दिशा सांगते.

या डोंगराचा दगडही सह्याद्रीच्या दगडाहून वेगळा आहे. महाराष्ट्राचे किल्ले ज्या काळ्या पाषाणावर उभे आहेत, तो लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला. चामुंडीचा दगड म्हणजे ग्रॅनाइट. भूगर्भात खोलवर थिजलेला हा रस सुमारे ऐंशी कोटी वर्षांपूर्वीचा असल्याचे भूशास्त्रज्ञ मानतात. वरचे आवरण झिजून गेल्यावर तो उघडा पडला. ऊन, पाऊस आणि वारा यांनी त्याच्या कडा गोलावल्या, आणि मोठमोठ्या वाटोळ्या शिळा एकमेकींवर रेलून बसल्या. त्या शिळांच्या फटींतून माती भरली, मातीत झुडपे वाढली, आणि डोंगर हिरवा झाला. शिळा पक्क्या, पण त्यांच्यामधली माती सैल, हे या डोंगराचे लक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वाटांच्या इतिहासात पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता नावाविषयी थोडेसे. चामुंडेने महिषासुराचा वध केला आणि त्या असुरावरून नगराला नाव पडले, अशी कथा आहे. बौद्ध ग्रंथांत येणारे महिषमंडल म्हणजे हाच प्रदेश, असेही काही अभ्यासक मानतात. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘मैसुरू’ झाले आहे. मराठी माणूस मात्र पिढ्यान्‌पिढ्या ‘म्हैसूर’ म्हणत आला. गंमत अशी की, या उच्चारात ‘म्हैस’ हा मराठी शब्द स्पष्ट ऐकू येतो, आणि तोही संस्कृत महिषीचाच वंशज आहे. म्हणजे मराठी कानाने कथेतला महिष नकळत जपून ठेवला, असे म्हणण्यास हरकत नाही. डोंगराच्या माथ्यावर या महिषासुराचा एक भला मोठा रंगीत पुतळा आहे. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात नाग धरून तो उभा असतो. ज्याला देवीने मारले त्यालाही देवीच्या दारात जागा मिळावी, हे आपल्या देशाच्या स्वभावाला धरूनच आहे.

परंतु हा डोंगर पूर्वी देवीच्या नावाने ओळखला जात नसे. त्याचे जुने नाव महाबळाद्री. माथ्यावर महाबळेश्वराचे जुने देऊळ आहे. ते चामुंडेश्वरीच्या आजच्या मंदिराहून प्राचीन समजतात. डोंगरावर दहाव्या शतकातील शिलालेख आढळला आहे. पुढे होयसळ राजांच्या काळीही या तीर्थाला दाने मिळत. महाराष्ट्रातले महाबळेश्वर आणि समुद्रकाठचे गोकर्ण-महाबळेश्वर यांच्याशी नावाचे नाते असलेला हा तिसरा महाबळेश्वर. महादेवाचे स्थान मागे पडून देवीचे माहात्म्य वाढत गेले, ते वडियार राजघराण्याने तिला कुलदैवत मानल्यामुळे. त्या घराण्यात पुनःपुन्हा येणारे चामराज हे नावसुद्धा तिचेच.

पायऱ्या बांधवणारा राजा दोड्ड देवराज वडियार हा १६५९ ते १६७३ या काळात राज्य करीत होता. मराठी श्रोत्यांना १६५९ हे साल वेगळे सांगावयास नको. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. विजापूरच्या सत्तेला एकीकडे सह्याद्रीत तडे जात होते आणि दुसरीकडे कावेरीकाठी म्हैसूरचे लहानसे राज्य आपले पाय रोवीत होते. दोन्ही गोष्टींचा धागा एका घराण्याशी जुळतो. त्याच्या वीस वर्षे आधी, १६३९ च्या सुमारास, विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने श्रीरंगपट्टणला वेढा दिला होता. त्याच्या या कर्नाटकातील मोहिमांत शहाजीराजे होते. म्हैसूरच्या कंठीरव नरसराजाने तो वेढा परतवला. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजी यांच्याकडे असलेले ते बंगळूर मोगलांच्या हातून १६८७ मध्ये चिक्कदेवराज वडियाराकडे आले. हा चिक्कदेवराज म्हणजे दोड्ड देवराजाच्या मागून गादीवर बसलेला राजा.

येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. दोड्ड देवराजाची राजधानी म्हैसूर नव्हती. १६१० मध्ये राजा वडियाराने श्रीरंगपट्टण घेतल्यापासून दरबार तेथे होता, आणि दसऱ्याचा उत्सवही तेथेच सुरू झाला. म्हैसूर हे मूळ ठाणे खरे, पण तेव्हा ते मागे पडले होते. अशा वेळी राजाने राजधानीपासून पाचसहा कोसांवरच्या डोंगरावर हजार पायऱ्या घडवल्या. त्यात वाड्याची सोय नव्हती, किल्ल्याची मजबुती नव्हती, की फौजेची चढउतार नव्हती. ज्या मुलुखातून घराणे उगवले त्या मुलुखाच्या देवतेकडे सर्वांना जाता यावे, एवढाच त्यातला हेतू दिसतो. राजे लोक डोंगरावर बांधकाम करीत ते बहुधा शत्रूला वर येऊ न देण्यासाठी. हे बांधकाम माणसांना वर आणण्यासाठी होते. चामुंडीच्या वाटेचे इतिहासातील वेगळेपण या एका गोष्टीत आहे.

पायऱ्या नक्की किती, याबद्दल एकमत नाही. रूढ आकडा हजाराचा. मोजणारे कोणी थोड्या अधिक सांगतात, कोणी थोड्या कमी. जेजुरीच्या पायऱ्यांची लोकांनी केलेली गणती तर लाखांत जाते. त्या मानाने म्हैसूरचे लोक हिशेबी म्हणावयाचे! वाटेचा सुमारे दोनतृतीयांश भाग चढून गेल्यावर नंदी भेटतो. हा नंदी बाहेरून आणून बसवलेला नाही. डोंगरावरच्याच एका प्रचंड शिळेतून तो जागच्या जागी कोरून काढलेला आहे. उंची सुमारे १६ फूट, लांबी सुमारे २५ फूट. गळ्यातल्या माळा, पाठीवरच्या घंटा, सारे त्याच दगडात कोरलेले आहे. तोही दोड्ड देवराजाच्याच काळचा. माथ्यावर देवी आणि वाटेत नंदी, ही मांडणी पाहिली म्हणजे राजाने जुन्या महाबळेश्वराला विसरू दिले नाही, हे लक्षात येते. नंदीच्या मागेच एका गुहेत शिवाचे लहानसे स्थान आहे. हजार फूट चढणाऱ्या माणसाला दम खाण्यासाठी जेथे थांबावेसे वाटते, त्याच सुमारास हा नंदी बसवावा, यात बांधणाऱ्यांची माणसांविषयीची समज दिसून येते. पहाटे निघालेला यात्रेकरू येथे बसतो, खाली पसरलेले शहर पाहतो, आणि पुन्हा उठतो.

अशा वाटा महाराष्ट्राला परक्या नाहीत. पुण्याच्या पर्वतीवर नानासाहेब पेशव्यांनी देवालय बांधले ते १७४९ मध्ये. तिच्या पायऱ्या शंभरावर थोड्या, पण हत्तीलाही चढता येतील इतक्या रुंद. जेजुरी, वणीची सप्तशृंगी, सज्जनगड या ठिकाणी पायरी ही देवस्थानाचेच एक अंग होऊन बसली आहे. देवाचे दर्शन माथ्यावर घ्यावयाचे असले तरी यात्रा पहिल्या पायरीपासून सुरू होते. चामुंडीवर हे विशेष जाणवते. नवस फेडणाऱ्या कित्येक स्त्रिया पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावीत वर जातात. हजार वेळा वाकायचे, हजार वेळा उठायचे. त्यामुळे वाट लालपिवळी दिसते, आणि आषाढातल्या शुक्रवारी तर दगडाचा मूळ रंगही दिसत नाही. अशा वाटेला केवळ ये-जा करण्याचे साधन समजणे चूक ठरेल.

या डोंगराच्या छायेत मराठी फौजा कित्येकदा येऊन गेल्या. मार्च १७७१ मध्ये मेलकोट्याजवळ मोती तलावाच्या काठी त्र्यंबकराव पेठे यांनी हैदरअलीचा मोठा पराभव केला आणि मराठी सैन्य श्रीरंगपट्टणच्या तटापर्यंत जाऊन भिडले. १७९१-९२ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्या व निजामाच्या जोडीने टिपूविरुद्ध याच मुलुखात उतरले. श्रीरंगपट्टणच्या परिसरातून दक्षिणेकडे पाहिले असता चामुंडीची रेघ आकाशात उमटलेली दिसते. पुण्याहून, मिरजेहून इतक्या दूर आलेल्या शिपायांपैकी कितींनी तिच्याकडे पाहून घरच्या डोंगरावरील देवीला हात जोडले असतील, हे कागदपत्रांत लिहिलेले नसते. लढायांचा हिशेब राहतो, नमस्कारांचा राहत नाही.

फौजा परत गेल्या, पण मराठी भाषा तेथे मागे राहिली. म्हैसूरच्या दफ्तरांत कानडीबरोबर मराठीही दीर्घकाळ वापरात होती. विसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरकडच्या मराठी घराण्यांतील व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव हे लागोपाठ म्हैसूरचे दिवाण झाले. चामुंडीच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांत मराठी पावलेही आहेत, असे म्हणण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

१७९९ मध्ये टिपूचा अंत झाला, वडियार पुन्हा गादीवर आले आणि राजधानी श्रीरंगपट्टणहून म्हैसूरला परतली. आता डोंगर राजवाड्यासमोर आला. बालवयात गादीवर बसलेल्या मुम्मडी कृष्णराज वडियाराने, म्हणजे तिसऱ्या कृष्णराजाने, १८२७ मध्ये मंदिराचे उंच गोपुर बांधवले. सात मजल्यांचे हे गोपुर दूरवरून दिसते. राजाची हात जोडलेली मूर्तीही मंदिरात आहे. एका राजाने वाट बांधली, दुसऱ्याने दीडशे वर्षांनंतर त्या वाटेचा शेवट सजवला.

त्याच सुमारास देशात डोंगराकडे पाहण्याची एक नवी दृष्टी येत होती. कोइमतूरचा इंग्रज अधिकारी जॉन सलिव्हन १८१९ मध्ये निलगिरीवर चढला आणि त्यातून पुढे उटकमंड उभे राहिले. १८२८ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने सह्याद्रीतल्या महाबळेश्वरास थंड हवेचे ठाणे वसवले. इंग्रजाला डोंगर हवा होता तो हवेसाठी, प्रकृतीसाठी आणि रपेटीसाठी. त्याच्या वाटांच्या टोकाला देऊळ नसे, ‘पॉइंट’ असे. पुढे आपणही ही दृष्टी उचलली, आणि त्यात वाईट काही झाले नाही. निसर्ग पाहण्यासाठी चालणे हीसुद्धा एक उपासनाच आहे. चामुंडीवर मात्र या दोन्ही दृष्टी एकाच पायरीवर उभ्या राहिल्या. आज पहाटे त्या वाटेवर पाहावे तर नवसाला जाणारी म्हातारी, परीक्षेआधी देवीला साकडे घालणारा विद्यार्थी, वैद्याने चालावयास सांगितलेला गृहस्थ आणि धावत चढणारा खेळाडू असे सगळे एकामागून एक दिसतात. कोण भक्त आणि कोण हिंडणारा, हे वेगळे काढणे कठीण आहे.

मोटारीच्या युगात डोंगराला वळसे घालीत जाणारा डांबरी रस्ता झाला. शहरापासून माथा मोटारीने अवघा तेरा किलोमीटर. वृद्धांना, अपंगांना आणि लहान मुलांच्या आयांना या रस्त्याने देवी जवळ आणून दिली, हे त्याचे उपकार नाकारता येणार नाहीत. सायकलस्वारांनाही तो आवडतो. म्हैसूर हे पूर्वीपासून सायकलींचे गाव. २०१७ मध्ये तेथे ‘ट्रिन ट्रिन’ नावाने सार्वजनिक सायकलींची योजना सुमारे साडेचारशे सायकलींनिशी सुरू झाली, तेव्हा देशभर तिचे कौतुक झाले. भाड्याची सायकल शहरातल्या सपाटीवर ठीक. पण ज्यांना आपल्या मांड्यांचे बळ अजमावयाचे असते ते भल्या पहाटे स्वतःची सायकल घेऊन चामुंडीचा चढ चढतात. पायऱ्यांची वाट आणि हा रस्ता नंदीच्या परिसरात एकमेकांजवळ येतात. तेथे अनवाणी यात्रेकरू आणि घामाघूम सायकलस्वार एकाच कट्ट्यावर विसावलेले दिसतात.

परंतु रस्ता आला की रस्त्याबरोबर इतर गोष्टीही येतात. गाड्या वाढतात, गाड्यांना तळ लागतो, तळाभोवती दुकाने येतात, दुकानांमागे वस्ती वाढते. चामुंडीचे उतार म्हणजे राखीव जंगल आहे. त्यात बिबट्याचाही वावर आहे. या जंगलाच्या माथ्यावर एक गाव नांदते आणि त्यावर लक्षावधी यात्रेकरूंचा भार पडतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये अतिवृष्टीने नंदीकडे जाणाऱ्या रस्त्याचा भाग खचून दरीकडे घसरला, आणि पुढच्या काही आठवड्यांत तेथे पुन्हा पडझड झाली. शिळा पक्क्या आणि मधली माती सैल, हे जे डोंगराचे लक्षण प्रारंभी सांगितले, त्याचा अर्थ या वेळी सर्वांना कळला. रस्त्यासाठी उतार आडवा कापावा लागतो, एका बाजूला खणावे आणि दुसऱ्या बाजूला भर घालावी लागते. पाणी अडले की ती भर सुटते. पायऱ्यांच्या वाटेने उतार कापला नाही. ती उताराच्या कलाने सरळ वर गेली, मोठी शिळा आली तेथे बाजूने वळली, आणि एक शिळा तर नंदी करून टाकली. साडेतीनशे पावसाळे ती टिकली, त्यात पुण्याई जशी आहे तशी ही अक्कलही आहे.

माथ्यापर्यंत दोरमार्ग न्यावा ही कल्पनाही वेळोवेळी पुढे आली. २०२२ मध्ये नागरिकांच्या विरोधानंतर ती बाजूला ठेवण्यात आली. २०२४ मध्ये चामुंडेश्वरी क्षेत्रासाठी विकास प्राधिकरण नेमण्याचा कायदा झाला आणि त्यावरून न्यायालयात वादही उभा राहिला. या वादात कोणाची बाजू खरी, हे न्यायालय ठरवील. डोंगराची बाजू मांडावयाची तर प्रारंभी उल्लेख केलेल्या औलीकडे पुन्हा एकदा पाहावे. तेथे बर्फावरच्या खेळांसाठी जोशीमठहून दोरमार्ग बांधला होता. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली, घरांना भेगा पडल्या, आणि तो दोरमार्गही बंद करावा लागला. हिमालय कोठे आणि चामुंडी कोठे, असे कोणी म्हणेल. उंचीत तुलना नाहीच. पण कोणत्याही डोंगराची सोसण्याची एक मर्यादा असते, आणि ती कागदावरच्या नकाशात दिसत नाही.

सोयीला विरोध करणे हा शहाणपणा नव्हे. ज्याला चालता येत नाही त्याला देवीचे दर्शन नाकारण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्यासाठी एक रस्ता आहे, तो नीट राखला पाहिजे, त्याखालून पाणी वाहून जाईल असे पाहिले पाहिजे, आणि त्यावर खाजगी गाड्यांऐवजी लोकांच्या बसगाड्या अधिक धावल्या पाहिजेत. पण ज्यांना चालता येते त्यांच्यासाठी दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या सोयीची गरज नाही. त्यांची सोय सतराव्या शतकातच झालेली आहे. तिला डांबर लागत नाही, वीज लागत नाही, तळ लागत नाही. लागते ती फक्त अधूनमधून निखळलेला दगड बसवण्याची काळजी, आणि वर चढणाऱ्याने आपला कचरा आपल्याबरोबर खाली आणण्याची सवय.

राजांची राज्ये गेली. १९५० मध्ये म्हैसूर संस्थान भारतात मिसळून गेले आणि १९७३ मध्ये राज्याचे नावही कर्नाटक झाले. दोड्ड देवराजाने जिंकलेले किती मुलूख त्याच्या वंशजांच्या हाती उरले, हा प्रश्न आता केवळ अभ्यासकांचा आहे. त्याने बांधवलेल्या पायऱ्या मात्र ज्याच्या पायांत बळ आहे त्या कोणाच्याही आहेत. इतिहासात राजांच्या स्वाऱ्यांना पाने पुष्कळ मिळतात, त्यांनी लोकांसाठी केलेल्या वाटांना एखादी ओळ मिळते. चामुंडीची वाट त्या एका ओळीवर न थांबता रोज पहाटे नव्याने चालली जाते, आणि ती चालली जाते तोवर तिचा बांधणारा विस्मृतीत जाण्याचे कारण नाही.